संकल्प जरा सावकाश म्हणा, गुरुजी

पत्र :

'ताई, नमस्कार. मी पंचवटीत राहतो. रामकुंडावर अस्थिविसर्जन, दशक्रिया, श्राद्ध असे विधी सांगतो. वडील आणि आजोबा हेच करत. माझं वय ४२. मुलगा नववीत आहे, त्याला आकाशाचं वेड आहे. त्याच्या हट्टापायी विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला गेलो. तिथं एका विद्यार्थिनीनं सांगितलं, की दुर्बिणीच्या या ताटल्यांनी टिपलेल्या एका आकाशगंगेच्या रेडिओ लहरी ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाल्या होत्या. परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्या पसाऱ्यात देवाला आपलं रामकुंड सापडतं कसं?" मी त्याच्यावर खेकसलो. पण दुसऱ्या दिवशी घाटावर संकल्प म्हणताना माझीच जीभ अडखळली, आणि तेव्हापासून रोज अडखळते. समोर यजमान बापाच्या अस्थी घेऊन बसलेला असतो आणि माझ्या मनात येतं, हे कोण ऐकतंय? दक्षिणा घेताना हात आखडतो. घरात कुणाला सांगता येत नाही. मुलगा दहा हजारांची दुर्बीण मागतोय, ती घ्यावी की नको तेही कळत नाही. आपण म्हणजे धूळ, आपली किंमत काय. माझी श्रद्धा संपली का?'

गुरुजी, नमस्कार.

दक्षिणेचं आधी उरकते, कारण त्यात फार काही नाही. घ्या. उन्हापावसात घाटावर बसून तुम्ही लोकांच्या घरातल्या सगळ्यात वाईट दिवसाला आधार देता. ते काम आहे आणि कामाचे पैसे घ्यायचे असतात. अडलेल्याला नाडायचं नाही, एवढं पाळलंत की झालं. तुमच्या पत्रावरून तुम्ही ते पाळत असणार असं वाटतं.

आता जिभेचं. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही रोज दहा वेळा म्हणता, आणि नेमकं तेच म्हणताना अडखळता. पत्र वाचताना मला याचंच हसू आलं, रागावू नका. 'अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे...' संकल्प सुरू होतो तो ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून. निम्मं आयुष्य सरलंय, दुसरा अर्धा चालू आहे. मग कल्प, मन्वंतर, युग, युगाचा चरण. मग जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा काठ. शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. चंद्र कुठल्या राशीला, सूर्य कुठल्या, देवगुरू कुठल्या. आणि एवढ्या पायऱ्या उतरून संकल्प थांबतो कुठं? ओल्या पंच्यात कुडकुडत बसलेल्या, डोळे सुजलेल्या एका माणसापाशी. त्याचं गोत्र, त्याचं नाव.

पाकिटावर पत्ता लिहिताना आपण नावापासून सुरुवात करून पिनकोडपर्यंत जातो. संकल्पाचा पत्ता उलटा. अख्ख्या काळाकडून निघायचं आणि एका माणसाच्या नावावर यायचं. आमचे पुण्याचे नातेवाईक सत्यनारायणाला 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' ऐकतात तेव्हा गोदावरी त्यांच्यापासून दोनशे किलोमीटरवर असते. तुमचे तर पाय तिच्या पाण्यात असतात. हा पत्ता देवाला घाट सापडावा म्हणून असेल असं मला वाटत नाही. बसणाऱ्याला आपण कुठं बसलोय हे कळावं, म्हणून तो असावा. तुम्हाला ते खोडदला कळलं. वीस वर्षं म्हणत होतात, परवा पहिल्यांदा ऐकलंत. जीभ अडखळणारच. श्रद्धा संपलेल्या माणसाचे संकल्प उलट अगदी सफाईदार होतात, असं माझं निरीक्षण आहे. घाटावर तुम्हीही अशी दोन-चार माणसं पाहिली असतील.

पण इथं एक पथ्य सांगते. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय विज्ञान सांगतं सुमारे ४५४ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'बघा, आपल्या ऋषींना सगळं ठाऊक होतं' असे निरोप मोबाइलवर फिरतात, तुम्हालाही आले असतील. मुलाला असलं काही सांगायला जाऊ नका. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं मानतात, ते मग कुठं बसवणार? आणि उद्या आकडा बदलला तर श्रद्धाही बदलायची का? विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. प्रसरण म्हटलं की कधीतरी आरंभ आलाच. १९५१ मध्ये खुद्द पोपनी विश्वाच्या या आरंभात ईश्वराच्या निर्मितीची साक्ष दिसते अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा हा गडी खूश व्हायच्या ऐवजी अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं असं, की माझं गणित गणित म्हणून तपासा, धर्माचा टेकू म्हणून वापरू नका. सकाळी प्रार्थना आणि दुपारी समीकरणं करणारा माणूस होता तो, दोन्हीची भेसळ करायची त्याला गरज वाटली नाही. मला तो फार आवडतो.

तुमचा खरा प्रश्न मात्र मोबाइलवरच्या निरोपांचा नाही. 'हे कोण ऐकतंय?' हा आहे. त्याआधी मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगू द्या.

माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला आम्ही रामकुंडावरच आलो होतो. गुरुजींनी गोत्र विचारलं. भाऊ माझ्याकडं बघू लागला, मी आत्याकडं. शेवटी काश्यप म्हणून वेळ मारून नेली. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. पलीकडच्या पिंडांवर झुंबड, आमच्याकडं एकही नाही. भाऊ हात जोडून म्हणाला, "अण्णा, वाड्याची वाटणी नीट करू." नाही. वहिनी म्हणाली, "आईंना आम्ही सांभाळू." नाही. अर्धा तास झाला, ऊन चढलं. मग आत्या पुढं झाली आणि म्हणाली, "अण्णा, तुझा रेडिओ कुणाला देणार नाही हो आम्ही." आणि कावळा आला.

पुढं कितीतरी वर्षं मी ही गोष्ट हसून सांगत होते. एका आकाशगंगेत हजारो कोटी तारे, अशा आकाशगंगाही अगणित, आणि त्या सगळ्याखाली आमचं आठ जणांचं कुटुंब एका कावळ्याच्या विनवण्या करतंय. अण्णांना सगळं आकाश मोकळं झाल्यावर त्यांचा जीव एका रेडिओत कशाला अडकेल? हे सगळं मला पटतं. तो रेडिओ मी अजूनही कुणाला दिलेला नाही.

त्या दिवशी आमच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र होत्या, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. एक सौदा: आम्ही हे करतो, तुम्ही कावळा पाठवा. दुसरी माया. आकाशाचा आकार कळला की सौद्यातली हवा जाते. आपली वाटणी, आपला प्लॉट, आपल्या मुलीचं जमणं यासाठी ग्रहताऱ्यांनी वाकून उभं राहावं, ही अपेक्षा किती मोठी होती हे दिसतं आणि लाज वाटते. ती लाज चांगली. पण आत्याच्या त्या वाक्यातली माया काही आकसत नाही. अंतरांनी तिला काही होत नाही.

खोडदला आत जाताना मोबाइल बंद करायला लावले असतील. येणारी लहर इतकी क्षीण असते, की आपल्या खिशातला फोनसुद्धा तिला बुडवून टाकतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या २५ किलोमीटरच्या टापूत पसरून ठेवल्यात, आणि त्या आकाशाला एक शब्दही बोलत नाहीत. ऐकतात फक्त. त्या ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या लहरी निघाल्या तेव्हा सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती, जुन्नर तालुका तर फारच लांब राहिला. इकडं कुणी ऐकणारं असेल याची कसली खात्री नसताना त्या निघाल्या. तुम्ही विचारता, माझं कोण ऐकतंय. मला वाटतं पिढ्यान् पिढ्या बोलण्याचं काम आपणच केलंय आणि ऐकायचं राहून गेलंय. देव ऐकतो की नाही हे मी तुम्हाला सिद्ध करून देऊ शकत नाही, मी मानते एवढंच. पण तुम्ही दोन मिनिटं गप्प बसून घाटावरचा पाण्याचा आवाज शेवटचा कधी ऐकलात?

आता गीतेचा अकरावा अध्याय आठवा. तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. अर्जुन विश्वरूप पाहतो, हजार सूर्य एकदम उगवल्यासारखं तेज. घाबरतो, हात जोडतो, स्तुती करतो. आणि मग माफी मागतो. कशाची? जेवताना, बसता-उठता, थट्टेत, चारचौघांत 'अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा' म्हणून केलेल्या सलगीची. एवढं विराट दर्शन झालं आणि या पठ्ठ्याला आठवलं काय, तर जेवणाच्या पंगतीतली चेष्टा! हे मला फार खरं वाटतं. मोठं काही पाहिलं की माणसाला आपलं रोजचं वागणं आठवतं. आणि त्यानंतर तो काय मागतो? आणखी विश्वरूप नाही. तुझं ते ओळखीचं रूप दाखव म्हणतो. कृष्णाचं माणसाचं सौम्य रूप पुन्हा दिसल्यावर म्हणतो, आता माझं चित्त ठिकाणावर आलं.

तुम्ही खोडदला विश्वरूप पाहून आलात, गुरुजी, पण मनानं अजून तिथून परतला नाहीत. परत या. घाटावरचं दर्भाचं पवित्रक, तीळ, पळी-पंचपात्र, काळाराम, घरातला बाळकृष्ण ही सगळी त्याचीच सौम्य रूपं आहेत. एवढं मोठं काही आपल्या ओंजळीत मावत नाही म्हणून आपण ती धरतो. यात फसवणूक नाही. मूर्ती म्हणजेच सगळं, तिच्या बाहेर काही नाही, असं जेव्हा वाटायला लागतं तेव्हा गडबड होते.

आणि ती गडबड आपल्याच गावात झालेली आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळारामाच्या दारात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते. काही वर्षं तो चालला आणि दार काही उघडलं नाही. आत असलेल्यांची श्रद्धा कमी होती का? मुळीच नाही. त्यांचा संकल्पही श्वेतवाराहकल्पापासून सुरू होत असणार, एक अक्षर न चुकता. अख्खं ब्रह्मांड तोंडपाठ, आणि उंबऱ्याबाहेर उन्हात उभा असलेला माणूस दिसत नाही! त्यांच्यातल्या एकाची जरी जीभ त्या वेळी तुमच्यासारखी अडखळली असती, तरी नाशिकचा इतिहास थोडा वेगळा लिहावा लागला असता. म्हणून म्हणते, तुमच्या अडखळण्याची मला काळजी वाटत नाही. 

मात्र एका गोष्टीची वाटते. पत्रात खाली तुम्ही लिहिलंय, 'आपण म्हणजे धूळ, आपली किंमत काय.' लहान असणं वेगळं आणि कवडीमोल असणं वेगळं. धुळीचंच म्हणाल तर ती काय आहे तेही ऐका. तुमच्यापुढं रोज जो तांब्या येतो, त्यातल्या अस्थींमधलं कॅल्शियम कुठून आलं? ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटात ते तयार झालं, आपला सूर्य जन्मायच्याही आधी. सूर्यच ४६० कोटी वर्षांचा आहे. एवढा प्रवास करून ते एका बाईच्या हाडात आलं, तिनं त्या हाडांवर चार लेकरं उचलली, भाकऱ्या थापल्या, आणि आता तिचा मुलगा ते फडक्यात बांधून देवळालीहून रिक्षानं तुमच्याकडं घेऊन आलाय. तुम्ही त्याला पाण्यात हात बुडवून सोडायला सांगता. यात क्षुल्लक काय आहे, मला तरी सापडत नाही.

तर्पण सांगताना तुम्ही 'आब्रह्मस्तंबपर्यंतं' म्हणता. ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळे तृप्त होवोत. पुढं, जे माझे नातलग नव्हते, जे मागच्या कुठल्या जन्मी असतील, त्यांनाही हे तिळाचं पाणी. हा श्लोक रचणाऱ्याला आकाशगंगेची लांबीरुंदी ठाऊक नव्हती, असायची गरजही नव्हती. आपलं घर कुठवर आहे, या प्रश्नाचं त्याचं उत्तर मोठं होतं. तुमच्याकडं नामावळीच्या वह्या असतील. यजमानाच्या खापरपणजोबाची सही काढून दाखवता तेव्हा त्याचा चेहरा बघा. सहा-सात पिढ्यांत माणूस पार हरखून जातो. त्याला वहीच्या पहिल्या पानाच्याही आधीचं सांगणारा तुमच्याशिवाय तिथं कोण आहे?

तेव्हा करायचं काय, तर दिवसातला एक संकल्प, सकाळचा पहिला, सावकाश म्हणा. पितृपक्षातली गर्दी मला ठाऊक आहे, सगळे सावकाश म्हणणं जमणार नाही. पण एक जमेल. यजमानाला मराठीत अर्थ सांगा: इतका काळ गेला, इतकी युगं गेली, आणि आज या तिथीला, या काठावर, तू अमुकचा मुलगा बसला आहेस. दोन मिनिटं जास्त लागतील. मागचा माणूस घड्याळ बघेल, बघू द्या. अडखळलात तर अडखळा. रडणाऱ्या माणसाला सराईत गुरुजींपेक्षा अडखळणारे गुरुजी जवळचे वाटतात, हे मी दुसऱ्या बाजूला बसून अनुभवलंय.

बायकोला सांगा. 'घरात सांगता येत नाही' हे मला पटलेलं नाही. तिला बहुतेक आधीच कळलेलं असेल.

मुलाची माफी मागा. 'मी खेकसलो, चुकलं' एवढंच, भाषण नको. आणि प्रश्नाचं उत्तर विचारलं तर 'मला माहीत नाही' म्हणा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, नासदीय, तुम्हाला येतच असेल. ही सृष्टी कुठून आली, हे विचारत विचारत ऋषी शेवटी म्हणतो, परम आकाशात बसून जो हिच्यावर लक्ष ठेवतो त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. वेदात 'त्यालाही नसेल' म्हणायची मुभा आहे, तर पंचवटीतल्या बापाला का नसावी? घरात ज्याला प्रश्न विचारता येतात तो मुलगा देवापासून लांब जात नाही, असं मी म्हणणार नाही. कधी जातोही. पण बापापासून जात नाही, आणि तुमच्या वयात ते जास्त महत्त्वाचं.

राहिली दुर्बीण. दहा हजारांची एवढ्यात घेऊ नका. स्वस्तातल्या दुर्बिणींचं स्टँड डगमगतं, चित्र थरथरतं, पोरं कंटाळतात आणि ती माळ्यावर जाते. आधी दोन्ही डोळ्यांनी बघायची साधी दुर्बीण घ्या, दुकानात १० बाय ५० म्हणून मागा, आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. वर्षभर तिचा वापर झाला तर पुढचं बघता येईल. शहराच्या दिव्यांत फार काही दिसत नाही. अमावास्येच्या आसपास अंजनेरीच्या बाजूला जा. मार्गशीर्षात संध्याकाळी डोक्याजवळ देवयानी आकाशगंगा पुसट ढगासारखी दिसते, तिचा प्रकाश २५ लाख वर्षं चालून आलेला असतो. स्वेटर न्या, तिकडं वारा फार.

पण पहिल्या रात्री देवयानी नको. गुरू बघा. 'अमुकस्थिते देवगुरौ' तुम्ही आयुष्यात किती हजार वेळा म्हटलं असेल, त्या देवगुरूला कधी पाहिलंत का? सूर्याभोवती त्याची फेरी बारा वर्षांना जेमतेम कमी, ११.८६ वर्षांची, आणि तो सिंहेत आला की आपल्या गावाचा सिंहस्थ. २०२६-२८ चा तर तोंडावरच आलाय. रस्ते खणलेत, घाट बांधतायत, लाखो माणसं येतील, आणि ज्याच्यासाठी मुहूर्त धरला त्याच्याकडं मान वर करून बघणारे थोडेच असतील. पंचांगातून त्याची रास तुम्ही काढा, आकाशात ती मुलाला शोधू द्या. दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर टेकवून धरली, की त्याच्या शेजारी एका ओळीत तीन-चार बारीक ठिपके दिसतील. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला दिसले ते हेच चार चंद्र. प्रकाश साधारण पाऊण तासापूर्वी निघालेला असेल.

हात थरथरेल, पहिल्यांदा सापडणार नाही. दुर्बीण आधी मुलाच्या हातात द्या.